चूल ते फ्यूजन: ऊर्जेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऊर्जेचा विषय निघाला की तेच तेच प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून एकदाच बसून सगळ्यांची उत्तरं लिहून टाकतोय. क्रम फारसा लावलेला नाही. काही उत्तरं लांबलीयत, काही दोन ओळींत संपलीयत, जिथे सांगण्यासारखं आहे तिथेच थांबलोय.

प्र. आधी लाकूड, मग कोळसा, मग तेल, आता सोलर. इतिहास असाच आहे ना?

शाळेत असाच शिकवतात, जणू रिले रेस चालू आहे आणि एकाने बॅटन दिला की तो बाजूला जाऊन बसला. प्रत्यक्षात बाजूला कुणीच बसलेलं नाही, सगळे अजून पळतायत आणि बरेचसे पूर्वीपेक्षा जोरात. कोळसा म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर १९ वं शतक येतं, धुरकट गिरण्या वगैरे, पण जग आज वर्षाला ८ अब्ज टनांहून जास्त कोळसा वापरतं आणि एवढा तो त्या काळात तर सोडाच, कधीच वापरला नव्हता. लाकडाचंही तेच, आजही दोन अब्जांहून जास्त माणसं लाकूड, गोवऱ्या, लोणारी कोळसा असल्याच इंधनावर स्वयंपाक करतात.

गंमत म्हणजे नवं इंधन बऱ्याचदा जुन्याची मागणी वाढवतं. कोळशाच्या खाणीत छत कोसळू नये म्हणून लाकडाचे टेकू लागायचे, ढिगांनी. तेल आलं तेव्हा ते भरायचं कशात, तर लाकडी पिंपात, आणि आजही तेल मोजतात ते बॅरलमध्येच, म्हणजे साधारण १५९ लिटरचं पिंप. रेल्वे आली तेव्हा लोकांना वाटलं आता घोडे गेले, पण स्टेशनवर उतरलेला माल पुढे न्यायला गाडाच लागायचा, त्यामुळे अमेरिकेत घोड्यांची संख्या रेल्वे आल्यावरही वाढतच राहिली आणि सगळ्यात जास्त झाली ती १९१० च्या दशकात.

म्हणून टक्केवारीवर जाऊ नका. वाटा कमी होणं आणि वापर कमी होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकूण आकडा एवढा फुगलाय की जुन्याचा वाटा घसरला तरी जुनं आहे तिथेच आहे. खालच्या निम्म्या प्रश्नांची उत्तरं शेवटी इथेच येऊन पोचतात.

प्र. एक युनिट वीज म्हणजे नक्की किती?

एक किलोवॅट (हजार वॅट) लोड तासभर चालवला की एक युनिट. पण ही व्याख्या वाचून काही कळत नाही, मलाही कळलं नव्हतं, कळलं ते एका विज्ञान प्रदर्शनात जनरेटर लावलेली सायकल चालवली तेव्हा. आधी त्यांनी ९ वॅटचा एलईडी जोडला, पाय फिरवले की लगेच लख्ख, वाटलं हे काय, दिवसभर मारेन. मग १०० वॅटचा जुना, तारेचा बल्ब जोडला आणि पेडल एकदम असं जड झालं जसं काही कुणी मागून सायकल धरून ठेवलीये, दोन-तीन मिनिटांत मांड्या भरून आल्या, पाय मंदावले तसा बल्ब पांढऱ्याचा पिवळा आणि पिवळ्याचा लालसर होत गेला. त्या बल्बसाठी तसंच दहा तास न थांबता पेडल मारलं असतं तर जमलं असतं एक युनिट.

आता पेट्रोल घ्या. एका लिटरमध्ये साधारण ९ युनिट उष्णता असते, इंजिन त्यातला पाव भाग जेमतेम चाकापर्यंत पोचवतं, म्हणजे दोन-सव्वादोन युनिट, म्हणजे माझी वीसेक तासांची सायकल. आणि ते लिटर आपण पंधरा-वीस किलोमीटरच्या चकरेत उडवतो. तेलाची सवय का सुटत नाही ते त्या पेडलवर बसल्यावर समजतं.

प्र. माणसाचा पहिला ऊर्जास्रोत कोणता?

स्वतःचं पोट. खाल्लेलं अन्न आणि त्यावर चालणारे हातपाय. त्यानंतर आग, दक्षिण आफ्रिकेतल्या वंडरवर्क गुहेत आगीच्या वापराच्या ज्या खुणा सापडल्यात त्या सुमारे १० लाख वर्षांपूर्वीच्या आहेत. अन्न शिजवणं म्हणजे पचनाचं अर्धं काम पोटाबाहेरच उरकणं, त्यामुळे तेवढ्याच अन्नातून जास्त ऊर्जा मिळायला लागली. मग बैल, घोडे, उंट. यात हजारो वर्षं गेली आणि बहुतेक काम कुणाच्या ना कुणाच्या स्नायूंनीच व्हायचं, अनेकदा गुलामांच्या, हे इतिहासात फार हळू आवाजात सांगितलं जातं.

प्र. पाणचक्की आणि पवनचक्की एवढ्या जुन्या, मग वाफेने त्यांना हरवलं कसं?

पाणचक्की काही छोटं प्रकरण नव्हतं. दक्षिण फ्रान्समध्ये बार्बेगालला रोमन काळात एका उतारावर १६ पाणचाकं होती, आठ-आठच्या दोन रांगा, दळण दळायला. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजाने सगळ्या मालमत्तेची मोजणी केली त्यात पाच हजारांच्या वर गिरण्या निघाल्या. शक्ती चांगली, इंधन फुकट. अडचण एकच, नदी जिथे आहे तिथे तुम्ही जायचं. वाफेचं इंजिन उलट तुमच्याकडे येतं, शहरात जिथे मजूर आहेत, बंदर आहे तिथे कारखाना टाका आणि कोळसा मागवा, आणि उन्हाळ्यात पाणी आटलं म्हणून कामगार बसून राहायलाही नकोत. म्हणजे वाफ जिंकली ती फक्त ताकदीवर नाही, सोयीवर.

वाऱ्याचं गणित जरा वेगळं आहे. वेग दुप्पट झाला की त्यातली ऊर्जा आठपट होते, आणि निम्मा झाला की एक अष्टमांश उरते, म्हणून जागा थोडी जरी चुकली तरी सगळा हिशोब कोसळतो. शिवाय अल्बर्ट बेट्झने १९१९ मध्ये दाखवून दिलं की पातं कितीही भारी बनवा, वाऱ्यातली ५९.३ टक्क्यांहून जास्त ऊर्जा काढता येत नाही, कारण सगळी काढली तर वारा तिथेच थांबेल आणि मागच्याला यायला जागाच उरणार नाही. त्यामुळे आता टॉवर उंच आणि पाती लांब करण्यावर सगळा जोर आहे.

प्र. कोळसा आधी माहीत नव्हता का? एवढा उशीर का झाला?

माहीत होता, चीनमध्ये तर फार पूर्वीपासून जाळायचे. पण लाकूड हाताशी असताना घाणेरडा धूर कोण ओढवून घेईल? ब्रिटनमध्ये लाकूड महाग होत गेलं तशी लंडनची माणसं न्यूकॅसलहून बोटीने येणाऱ्या कोळशाकडे वळली, नाइलाजाने, नाक दाबून.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. वरचा कोळसा संपला की खोल जायचं, खोल गेलं की खाणीत पाणी भरतं. १७१२ मध्ये डडलीजवळ थॉमस न्यूकमेनचं इंजिन बसलं ते हे पाणी उपसायला. कोळसा काढण्यासाठी कोळसा जाळणारं मशीन! आणि किती जाळायचं, तर शंभर भागातला एक भागसुद्धा कामी यायचा नाही. दुसरीकडे कुठे हे परवडलंच नसतं, पण खाणीच्या तोंडाशी न विकला जाणारा भुगा पडूनच असायचा, तोच भट्टीत टाकायचा, म्हणून चाललं.

पुढे ग्लासगो विद्यापीठातलं या इंजिनचं एक छोटं मॉडेल दुरुस्तीला जेम्स वॉटकडे आलं. त्याच्या लक्षात आलं की एकच सिलिंडर दर फेरीला आधी गरम करायचा आणि मग त्यातच पाणी मारून गार करायचा, यात सगळी वाफ वाया जातेय. त्याने वाफ गार करायला वेगळं भांडं जोडलं, १७६९ चं पेटंट तेच. आणि घोडे पोसणाऱ्या गिऱ्हाइकाला इंजिन विकायचं तर त्याच्या भाषेत बोलायला हवं, म्हणून हॉर्सपॉवर हे माप वापरात आणलं, आजच्या हिशोबात साधारण ७४६ वॅट.

प्र. मशीन जास्त एफिशियंट झाली की इंधन कमी लागेल, मग प्रॉब्लेम सुटला ना?

१८६५ मध्ये विल्यम स्टॅनले जेव्हन्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने कोळशाबद्दल हेच तपासलं आणि उत्तर उलटं निघालं. इंजिन सुधारलं, कोळसा कमी लागायला लागला, म्हणून इंजिन वापरणं स्वस्त झालं, म्हणून ते पूर्वी जिथे परवडत नव्हतं तिथेही बसलं आणि एकूण कोळसा वाढला. दरवेळी एवढं टोकाचं होतंच असं नाही, पण एलईडी आल्यावर आपण जिन्याखाली, कपाटात, झाडावर, भिंतीच्या कडेने किती दिवे लावले ते एकदा मोजून बघा.

प्र. रॉकेल आलं म्हणून देवमासे वाचले, हे खरं आहे का?

अर्धं. १८५९ मध्ये एडविन ड्रेकने पेनसिल्व्हेनियात टायटसव्हिलला सुमारे २१ मीटरवर तेल काढलं आणि पुढे दिव्यासाठी देवमाशाच्या तेलाची गरज खरंच कमी झाली. पण मग डिझेलवर चालणारी वेगवान जहाजं आली, देवमाशाच्या तेलाचा उपयोग मार्गरिनमध्ये (लोण्याऐवजी वापरतात ते) सापडला, आणि २० व्या शतकात २५ लाखांच्या वर देवमासे मारले गेले, दिव्यांच्या काळापेक्षा कितीतरी जास्त. वाचले जे काही ते १९८० च्या दशकातल्या आंतरराष्ट्रीय बंदीमुळे.

प्र. वीज हा ऊर्जेचा स्रोत आहे का?

नाही, वीज म्हणजे हमाल. माल दुसरीकडे तयार होतो, ती फक्त वाहून आणते, पण इतक्या सफाईने की आपण मालालाच विसरतो. फॅरडेने १८३१ मध्ये चुंबक आणि तारेचं नातं दाखवलं (तारेजवळ चुंबक हलवला की तारेत वीज वाहते), १८८२ मध्ये लंडनला होलबर्न व्हायाडक्ट आणि न्यूयॉर्कला पर्ल स्ट्रीट इथे एडिसनची कोळशावरची केंद्रं सुरू झाली. तेव्हापासून आजपर्यंत मूळ युक्ती फार बदललेली नाही, पाणी उकळा आणि वाफेने चाक फिरवा. अणुभट्टीतसुद्धा शेवटी पाणीच उकळतात, एवढं सगळं विज्ञान आणि टोकाला चहाचं आधण! सोलर पॅनल त्यामुळेच वेगळं आहे, त्यात काहीच फिरत नाही.

प्र. इलेक्ट्रिक गाड्या ही नवीन गोष्ट आहे का?

जमिनीवर ताशी १०० किलोमीटरचा वेग ओलांडणारी पहिली गाडी इलेक्ट्रिक होती, १८९९, चालवणारा बेल्जियमचा कामिल जेनात्झी. १९०० च्या आसपास अमेरिकेत पेट्रोलपेक्षा इलेक्ट्रिक आणि वाफेच्या गाड्याच जास्त खपायच्या. पेट्रोलची गाडी पुढे हँडल मारून सुरू करावी लागायची आणि हँडल उलटं फिरलं तर मनगट जायचं. मग १९१२ मध्ये कॅडिलॅकमध्ये बटणावर चालणारा स्टार्टर आला, म्हणजे एक छोटी इलेक्ट्रिक मोटर, आणि तिनेच इलेक्ट्रिक गाडीचा घात केला.

बॅटरी मागे का पडली? एक किलो पेट्रोलमध्ये १२ युनिटांच्या वर ऊर्जा, आजच्या चांगल्या लिथियम-आयन सेलमध्ये किलोमागे साधारण पाव युनिट. पन्नासपट फरक! मोटर ९० टक्क्यांच्या आसपास एफिशियंट असते आणि इंजिन पंचवीस-तीस, त्यामुळे दरी थोडी भरते. कारला तेवढं पुरलं. लांब पल्ल्याच्या विमानाला अजून पुरत नाही.

प्र. सूर्य एवढी ऊर्जा देतो, मग सगळं सोलरवर का नाही?

सूर्याकडून पृथ्वीला साधारण तासाभरात जेवढी ऊर्जा मिळते तेवढी आख्खं जग वर्षभर वापरतं. हा आकडा खरा आहे आणि सगळ्यात जास्त फसवाही आहे, कारण ती ऊर्जा समुद्रावर, ढगांवर, वाळवंटावर पातळ पसरलेली असते, गोळा करण्यातच सगळी कसरत.

प्रयत्न जुने आहेत. १८७८ च्या पॅरिस प्रदर्शनात ऑगस्टिन मूशोने मोठा आरसा लावून उन्हावर वाफ केली आणि त्या वाफेवर चक्क बर्फ बनवून दाखवला. उन्हातून बर्फ! लोक खूश झाले, पण कोळसा स्वस्त होता, सरकारने पाठिंबा काढून घेतला, विषय संपला. सिलिकॉनचा कामाचा सोलर सेल अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या प्रयोगशाळेने १९५४ मध्ये दाखवला, ६ टक्के एफिशियन्सीचा आणि भयंकर महाग. मग गिऱ्हाईक मिळालं ते आकाशात, १९५८ च्या व्हॅनगार्ड १ उपग्रहावर सोलर सेल होते, कारण तिथे तार ओढता येत नाही. आज छतावरचं पॅनल २० टक्क्यांच्या पुढे गेलंय आणि २०१० नंतरच्या दहा वर्षांत पॅनलची किंमत जवळपास ९० टक्क्यांनी पडली. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत ऊर्जेत सगळ्यात मोठं काही घडलं असेल तर ते हे. शोध बीध काही नाही, कारखान्यात तेच तेच लाखो वेळा बनवून स्वस्त करत नेलं.

मग अडतंय कुठे? एक, रात्र. दोन, जगात वापरल्या जाणाऱ्या ऊर्जेचा पाचवा हिस्साच विजेच्या रूपात वापरला जातो. बाकी सगळं थेट जाळणं, भट्ट्या, जहाजं, ट्रक, बॉयलर. वीज पूर्ण स्वच्छ केली तरी चार हिस्से उरतातच.

प्र. रात्रीसाठी वीज साठवायची कशी?

सगळ्यात जुनी आणि अजूनही प्रचंड वापरातली पद्धत म्हणजे दिवसा पाणी वरच्या धरणात चढवायचं आणि रात्री खाली सोडायचं. शंभरातले पंचाहत्तर-ऐंशी परत मिळतात. ऐकायला सोपं, पण एक हिशोब करा, एक टन पाणी १०० मीटर उंच नेलं तर त्यात साठतं जेमतेम पाव युनिट. एक टन! म्हणून डोंगर आणि दोन तलाव लागतात आणि ते सगळीकडे नसतात. तेवढंच पाव युनिट एक किलोच्या बॅटरीत बसतं, त्यामुळे काही तासांच्या साठ्यासाठी आता बॅटऱ्या धडाधड बसतायत. मात्र उन्हाळ्यातलं ऊन हिवाळ्यापर्यंत ठेवायचं असेल तर बॅटरी हे काही त्याचं उत्तर नाही.

प्र. हायड्रोजन हे भविष्यातलं इंधन आहे ना?

तोही मुख्यतः हमालच. पाण्यातून काढायला वीज लागते आणि परत वीज करेपर्यंत निम्म्याहून जास्त हरवते. द्रव करायचा तर उणे २५३ अंशांपर्यंत थंड करा. गाड्यांसाठी मला तो पटत नाही, पण पोलाद आणि खत बनवायला लागेल.

प्र. पोलाद आणि खताचा ऊर्जेशी काय संबंध?

खूप, आणि याबद्दल कुणी बोलत नाही. पोलाद बनवताना कोळसा फक्त उष्णतेसाठी नसतो, खनिजातला ऑक्सिजन ओढून काढायला त्यातला कार्बन लागतो. सिमेंटमध्ये चुनखडी भाजली की दगडातूनच कार्बन डायऑक्साइड निघतो, भट्टी उन्हावर चालवा नाहीतर वाऱ्यावर. आणि हाबर-बॉश पद्धतीचं (हवेतला नायट्रोजन हायड्रोजनशी जोडून केलेलं) नत्रखत, १९१३ पासून कारखान्यात बनतंय, मुख्यतः नैसर्गिक वायूपासून, जगातली जवळपास निम्मी माणसं त्यावर पिकलेल्या अन्नावर जगतात. म्हणजे आपण तेल-वायू फक्त जाळत नाही, एका अर्थी खातोसुद्धा.

प्र. अणुऊर्जा धोकादायक आहे की नाही?

आकड्यांत बघितलं तर कोळशापेक्षा शेकडो पटींनी सुरक्षित. चेर्नोबिल (१९८६) आणि फुकुशिमा (२०११) हे अणुभट्ट्यांचे अपघात धरूनही. कोळशाचा धूर दरवर्षी माणसं मारतो पण गुपचूप, हॉस्पिटलात, बातमी न होता. एक ग्रॅम युरेनियम-२३५ पूर्ण फुटलं तर साधारण तीन टन कोळशाएवढी उष्णता देतं, त्यामुळे कचराही आकाराने लहान. माझी तक्रार वेगळी आहे, अणुभट्ट्या वेळेत आणि बजेटमध्ये होत नाहीत. फ्रान्सने १९७३ च्या तेलसंकटानंतर एकसारख्या भट्ट्यांचा धडाका लावला आणि विजेचा जवळपास ७० टक्के भाग अणूवर आणला, पण तो झपाटा नंतर स्वतः फ्रान्सलाही जमलेला नाही.

कचऱ्यासाठी फिनलंडने ऑंकालो इथे ४०० मीटरहून खोल खडकात बोगदे खणलेत. हे टिकेल का, तर निसर्गाने एक प्रयोग आधीच करून ठेवलाय. आफ्रिकेत गॅबॉनमधल्या ओक्लोला सुमारे २ अब्ज वर्षांपूर्वी जमिनीतल्या युरेनियममध्ये आपोआप अणुभट्टी पेटली होती, १९७२ मध्ये ते लक्षात आलं, आणि त्यातला बराचसा कचरा जागेवरून फारसा हललेला नव्हता.

प्र. फ्यूजन कधी येणार?

फ्यूजन म्हणजे सूर्यात होतं तसं हलके अणू एकत्र जोडून ऊर्जा काढणं. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत लेझरने इंधनावर २.०५ मेगाज्यूल टाकले आणि ३.१५ बाहेर आले. मोठीच गोष्ट. फक्त ते लेझर पेटवायला भिंतीतल्या प्लगमधून साधारण ३०० मेगाज्यूल घेतले होते, हे हेडलाइनमध्ये बसलं नाही. येईल तेव्हा येईल, त्याच्या भरवशावर आजचं काम थांबवू नका.

प्र. भूगर्भातली उष्णता, भरती-ओहोटी यांचं काय?

चांगलं आहे, पण जागा बघून. इटलीत लार्देरेल्लोला १९०४ मध्ये जमिनीतल्या वाफेवर पाच बल्ब लावले होते, तिथे आजही वीज बनते. फ्रान्सचं ला रान्स भरतीकेंद्र १९६६ पासून चालू आहे, २४० मेगावॅट. अशा खाड्या जगात मोजक्याच.

प्र. चुंबकावर कायम फिरणारं मशीन खरं असतं का? व्हिडिओ पाहिलाय.

नसतं. टेबलाखाली बघा.

प्र. तेल कधी संपणार?

संपण्याची भविष्यवाणी करणारे दरवेळी तोंडावर पडलेत. अमेरिकेचं तेल १९७० च्या सुमाराला शिखर गाठेल असं हबर्ट नावाच्या भूवैज्ञानिकाने १९५६ मध्ये सांगितलं, तसं झालंही, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मग खडक फोडून तेल काढायचं तंत्र आलं आणि २०१८ मध्ये तो जुना विक्रम मोडला. साठा म्हणजे जमिनीत किती आहे हे नाही, आजच्या भावात आणि आजच्या तंत्राने किती काढता येतं ते.

प्र. मग आजवर कुणी एखादं इंधन खरंच सोडलंय का?

वीज बनवण्यापुरतं म्हणाल तर ब्रिटनने कोळसा सोडला. २०१२ मध्ये तिथली जवळजवळ ४० टक्के वीज कोळशाची होती. मग कार्बनवर कर लागला, गॅस होताच, उत्तर समुद्रात पवनचक्क्यांची रांग लागली, आणि ३० सप्टेंबर २०२४ ला रॅटक्लिफ-ऑन-सोर हे शेवटचं केंद्र बंद झालं, होलबर्न व्हायाडक्टनंतर १४२ वर्षांनी. जिथून सुरुवात झाली त्याच देशात. त्याच दिवशी वेल्समध्ये पोर्ट टॅलबॉटच्या पोलाद कारखान्यातली शेवटची ब्लास्ट फर्नेस (खनिजातून लोखंड काढणारी कोळशाची भट्टी) सुद्धा विझली, पोलाद मात्र लागतंच, ते आता बऱ्याच प्रमाणात दुसऱ्या कुणाच्या तरी भट्टीतून येतं. आणि जगाचा मिळून हिशोब बघितला तर त्या २०२४ सालातही कोळसा आदल्या वर्षापेक्षा जास्तच वापरला गेला.